अवकाशातले भुसावळ शोधा

संगणकावर अवकाश-साम्राज्याचा खेळ प्रथमच मांडणारा खेळाडू बहुधा एकच गोष्ट करतो. तो लढाऊ याने बांधायला घेतो. याने दिसायला सुंदर असतात, शत्रू कोठेतरी दबा धरून बसला आहे असे वाटत असते आणि साम्राज्य म्हटले की लढाई आलीच, अशी आपली समजूत असते. पन्नास-साठ फेऱ्या झाल्यावर पाहावे तो शेजाऱ्याकडे आपल्या तिप्पट ग्रह, तिप्पट उत्पादन, आणि आपली ती सुंदर याने जुनाट होऊन गेलेली!

माझे मत असे आहे की हा खेळ लढाईचा नाही, हिशोबाचा आहे. आणि जळगाव-धुळ्याकडच्या मुलांना तो इतरांपेक्षा लवकर समजायला हवा. त्यात लागणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी त्यांच्या घरात, शिवारात आणि रेल्वेच्या फलाटावर रोज घडत असतात.

या खेळांची जात तशी जुनी आहे. १९८३ साली ऑस्ट्रेलियातल्या एका मंडळीने ‘रीच फॉर द स्टार्स’ हा खेळ काढला. १९९३ मध्ये अमेरिकेत ‘मास्टर ऑफ ओरायन’ निघाला, तेव्हा अॅलन एमरिच या लेखकाने त्याचे वर्णन चार क्रियांत केले: शोध घ्या, पसरा, उपयोग करा आणि नाश करा. नवखा खेळाडू चौथ्या क्रियेपासून सुरुवात करतो, हीच खरी अडचण आहे. ‘मास्टर ऑफ ओरायन’पासून स्फूर्ती घेऊन काही हौशी मंडळींनी ‘फ्रीओरायन’ हा खेळ तयार केला आहे. तो विनामूल्य मिळतो, आणि लहानशी आकाशगंगा निवडली तर घरच्या साध्या संगणकावरही चालतो. पुढचे विवेचन मी त्याच खेळाला धरून करणार आहे. त्यात घाईला जागा नाही. सर्वांनी आपापले हुकूम द्यायचे, मग एक फेरी पुढे सरकते. विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो.

आता असे पाहा. समजा, दोन खेळाडू आहेत, अ आणि ब. दोघांचेही उत्पादन दर फेरीला २० एकक. अ पहिल्या फेरीपासून सगळे उत्पादन यानांवर खर्च करतो. ब एकही लढाऊ यान बांधत नाही, सगळे वाढीवर लावतो, आणि त्याचे उत्पादन दर फेरीला शेकडा ५ ने वाढते. विसाव्या फेरीअखेर अ कडे ४०० एकक किमतीची याने आहेत, पण उत्पादन २० च आहे. ब चे उत्पादन किती झाले? २० ला १.०५ ने वीस वेळा गुणा. उत्तर सुमारे ५३ येईल. हीच तुमच्या गणिताच्या पुस्तकातली चक्रवाढ. आता ब ने एकविसाव्या फेरीपासून याने बांधायला घेतली, तर तेहेतिसाव्या फेरीला त्याच्याकडे ६८९ एककांची याने असतील आणि अ कडे ६६०. तेथून पुढे अ ने ब ची बरोबरी करण्याची आशा सोडावी.

शेतकऱ्याच्या घरात हे कोणाला शिकवावे लागत नाही. बियाण्यासाठी राखून ठेवलेले धान्य दळून त्याच्या भाकरी करणाऱ्याला गाव काय म्हणते, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

पण थांबा, या हिशोबात एक भोक आहे. तुमच्यापैकी चाणाक्ष वाचकांच्या ते ध्यानात आले असेलच. अ ने विसाव्या फेरीलाच चाल केली तर? ब कडे एकही यान नाही. त्याचे ५३ एकक उत्पादन अ च्या पदरात पडेल आणि चक्रवाढ अ ला लाभेल. म्हणून ‘आधी वाढ, मग याने’ हा नियम डोळे झाकून पाळण्याचा नाही. तो पाळता येईल की नाही, हे शेजारी किती दूर आहे त्यावर ठरते. शेजारी दहा फेऱ्यांच्या अंतरावर असेल तर तेवढी पूर्वसूचना तुम्हांला मिळते. दोन फेऱ्यांवर असेल तर मिळत नाही. आणि अंतर कळण्यासाठी आधी पाहावे लागते. म्हणून सुरुवातीला मिळणारी दोन टेहळणी याने घरी बसवू नका. पहिल्याच फेरीत दोन वेगळ्या दिशांना पाठवा, आणि त्यांचा पवित्रा लढाईचा न ठेवता लपण्याचा ठेवा. इंधनाकडेही लक्ष असू द्या. आपल्या रसदीच्या पल्ल्याबाहेर गेलेले यान उडी घेता घेता रिकामे होते, आणि मग ते कोठल्यातरी ताऱ्यापाशी ताटकळत राहते. तसे राहिलेच, तर निदान मोक्याच्या ताऱ्यापाशी राहील असे पाहा.

मोक्याचा तारा म्हणजे कोणता? येथे मी तुम्हांला भुसावळची आठवण करून देतो. फ्रीओरायनमध्ये यान वाटेल तेथून वाटेल तेथे जात नाही. तारे ठरावीक मार्गांनी जोडलेले असतात, अगदी लोहमार्गांसारखे. मुंबईहून नाशिकमार्गे येणारी गाडी इटारसीकडे जायची असो की नागपूरकडे, भुसावळपर्यंत ती एकाच वाटेने येते. तेथे वाटा फुटतात. सुरतेकडून तापीच्या काठाने येणारा मार्गही जळगावला येऊन मिळतो. भुसावळ ज्याच्या हाती, त्याच्या हाती तीन दिशा. तुमच्या नकाशावर असे एखादे भुसावळ असतेच. ते शोधा, तेथे लवकरात लवकर ठाणे बसवा, आणि तुमची जी थोडी लढाऊ याने असतील ती तेथेच अडवणुकीच्या पवित्र्यात उभी करा. दहा ग्रहांवर एकेक यान वाटून ठेवण्यापेक्षा एका नाक्यावर दहा याने बरी. उलट, चाळीसगावहून निघालेली गाडी पुष्कळ वर्षे धुळ्याला येऊन संपत असे. तशा शेवटच्या स्थानकासारख्या ताऱ्यांवर पहारा ठेवण्याचे कारण नसते. तेथे निर्धास्तपणे संशोधन चालू द्या. (धुळेकर वाचकांनी रागावू नये. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यालाच एकमेकांना छेदतात, तेव्हा मोटारीच्या नकाशावर धुळे हेच भुसावळ आहे.)

नाक्याचे महत्त्व खानदेशाच्या इतिहासात फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. १३८२ साली मलिक राजा फारुकी याने तापीकाठच्या थाळनेर येथे आपले स्वतंत्र राज्य मांडले. हे थाळनेर आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहे. राज्य लहान, आणि शेजारी कोण? पश्चिमेला गुजरातचा सुलतान, उत्तरेला माळव्याचा, दक्षिणेला बहामनी. यांपैकी प्रत्येकजण फारुकींपेक्षा बलाढ्य होता. तरीही हे राज्य १६०१ सालापर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे टिकले. याचे कारण त्यांच्या फौजेत शोधू नका. उत्तरेतून दक्षिणेत उतरण्याच्या वाटेवर बुऱ्हाणपूर आणि त्याच्या डोक्यावर असीरगडचा किल्ला त्यांच्या ताब्यात होता. शिवाय कोणापुढे केव्हा नमते घ्यावे, हे त्यांना कळत होते. गुजरातची अधिसत्ता त्यांनी मान्य केली, ती काही हौसेने नव्हे. खेळात संगणकाचे साम्राज्य तुमच्यापेक्षा मोठे दिसले तर लगेच तह मागून पाहा. नाही म्हणाले तर काही फेऱ्यांनी पुन्हा मागा. त्यात कमीपणा नाही. आणि असीरगडाचे काम करणारी गोष्टही खेळात आहे. ग्रहांच्या संरक्षणाचे संशोधन एकदा पुरे केले, की त्याचा लाभ तुमच्या सर्व ग्रहांना मिळतो. यान मात्र एका वेळी एकाच ठिकाणी असते.

आता उत्पादनाकडे वळू. प्रत्येक ग्रहाला तुम्ही एकच मुख्य काम नेमून देऊ शकता: उद्योग, संशोधन किंवा प्रभाव. नवखे खेळाडू दर चार फेऱ्यांनी हे काम बदलतात. तसे करू नका, बदलाचा भुर्दंड बसतो आणि नव्या कामाला वेग यायला बऱ्याच फेऱ्या जातात. पांझरेच्या काठची फड पद्धत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी मिळून एका हंगामात एकच पीक घ्यायचे. बंधाऱ्यात पाणी किती आहे ते पाहून कोणते फड भिजवायचे हे गावकरी ठरवीत, आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी सोडी. पाणी कमी असले तर एखादा फड कोरडाही ठेवीत. माझ्या मते खेळातला उत्तम राज्यकर्ता हा असा पाटकरी असतो. ‘प्रभाव’ नावाचा जो साठा पडद्यावर वरच्या बाजूला दिसतो, तो तुमचा बंधारा समजा. प्रत्येक नवी वसाहत त्यातून दर फेरीला थोडे पाणी पिते, आणि वसाहती जितक्या वाढतील तितका हा खर्च वाढत जातो. साठा शून्याखाली गेला की प्रजा असंतुष्ट होते, आणि उभे साम्राज्य आतून पोखरते. म्हणून सुरुवातीलाच प्रचाराचे धोरण स्वीकारा, आणि तीन-चार वसाहती होताच त्यांतली एक केवळ प्रभावाच्या कामाला लावा. प्रभाव वाढत असेल तरच पुढची वसाहत.

निर्जन ठाण्यांचे तसे नाही. त्यांचा बोजा फार कमी असतो आणि त्यांनी रसदीचा पल्ला वाढतो. वसाहत-यान महाग पडते. त्याऐवजी जवळच्या ग्रहावर आधी ठाणे बसवावे आणि मग शेजारच्या वसाहतीतून तेथे वस्ती न्यावी, हे पुष्कळ स्वस्त. सुरुवातीला फुकट मिळालेले वसाहत-यान मात्र उत्तम ग्रहाच्या शोधात वीस फेऱ्या फिरवत बसू नका. जवळचा बरा ग्रह दूरच्या उत्तम ग्रहापेक्षा चांगला. कारण पुन्हा तेच, चक्रवाढ.

येथवर मी या खेळाची तरफदारी केली. पण विज्ञानाच्या मासिकात लिहीत असल्याने त्याच्या थापाही सांगितल्या पाहिजेत. पहिली थाप अंतराची. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत, म्हणजे ४.२४ प्रकाशवर्षे, जायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. खेळात आपण ते दोन-तीन फेऱ्यांत उरकतो, आणि आपला हुकूम तर क्षणात पोहोचतो! ही थाप मी माफ करतो, तिच्यावाचून खेळच होणार नाही.

दुसरी थाप मला अधिक खटकते. खेळातला ग्रह कधी आटत नाही. दोनशे फेऱ्या उद्योग चालवा, त्याच्या पोटातले काही कमी होत नाही. यावल आणि रावेर तालुक्यांतल्या वाचकांनी आपल्या आजोबांना विचारावे, त्यांच्या लहानपणी विहिरीला पाणी किती हातांवर लागे. केळीच्या बागा वाढल्या, त्यांतून पैसा आला, पैशातून आणखी बागा आणि आणखी खोल विंधनविहिरी झाल्या. अगदी आपल्या ब खेळाडूसारखी चक्रवाढ! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हे दोन्ही तालुके भूजलाच्या सरकारी वर्गवारीत ‘अतिशोषित’ म्हणून नोंदले गेले आहेत. तापीच्या पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात १० मे २०२५ रोजी करार झाला. खेळ बनवणाऱ्यांपैकी कोणी मला विचारले, तर मी म्हणेन की प्रत्येक ग्रहाला एक विहीर द्या आणि ती उपशाप्रमाणे खाली जाऊ द्या. खेळ अवघड होईल, पण खरा होईल.

घरातली वडील मंडळी ‘खेळात वेळ घालवतो’ म्हणून रागावत असतील, तर त्यांना दाखवण्याजोगे काही करा. खेळ मांडताना फ्रीओरायन एक बीजशब्द विचारतो. तोच शब्द आणि बाकीच्या त्याच अटी दिल्या, की आकाशगंगा पुन्हा तशीच्या तशी तयार होते. म्हणजे प्रयोगशाळेत लागते तशी सारखी परिस्थिती तुम्हांला आयती मिळते. लहान आकाशगंगा घ्या, प्रतिस्पर्धी एकच ठेवा आणि त्याचा आक्रमकपणा सर्वांत कमी करा. पहिल्या डावात आधी याने बांधा. दुसऱ्या डावात आधी वाढ करा. दर दहाव्या फेरीला उत्पादन, संशोधन, प्रभाव आणि ग्रहांची संख्या वहीत लिहा. साठाव्या फेरीला थांबा, आणि दोन्ही डावांचे उत्पादन एकाच आलेख-कागदावर दोन रंगांनी काढा. दोन रेषा एकमेकींना कोठे छेदतात ते पाहा. मग प्रतिस्पर्ध्याचा आक्रमकपणा एक पायरी वाढवून हेच पुन्हा करा. माझा अंदाज असा की छेदनबिंदू सरकेल, आणि कदाचित एखाद्या डावात दुसरी रेषा साठाव्या फेरीपर्यंत पोहोचणारच नाही.