परत शून्यावर

या अंकाचा मुख्य विषय रेट्रोफिटिंग. जुन्या व्हीएमसीवर चौथा अक्ष, लेथवर पॉवर टरेट, प्रेसला सर्व्हो फीडर, हे लेख आत आहेतच. मुखपृष्ठावर मात्र इलेक्ट्रिक गिटार पाहून काही वाचक बुचकळ्यात पडतील. ऑइल इंजिन आणि कास्टिंगच्या जिल्ह्यातून निघणाऱ्या मासिकाला गिटारचे एवढे काय पडले आहे, हा प्रश्न रास्त आहे. कागल पंचतारांकितच्या शेडमध्ये पाळी करणाऱ्या मुलांत संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवणारेही आहेत, आणि त्यांच्यातला एखादा सुट्टीच्या दिवशी गिटार घेऊन टूलरूममध्ये येतोच : “साहेब, याला ट्रेमोलो बसवून द्या की.” व्हीएमसी आहे, ड्रिल आहे, हाताशी माणूस आहे, काम तासाभराचे वाटते आणि आपण हो म्हणून बसतो.

स्थिर ब्रिजच्या गिटारवर तारा एकीकडे नेकच्या टोकाला खाचा असलेल्या पट्टीवरून, म्हणजे नटवरून, खुंट्यांना आणि दुसरीकडे बॉडीत घट्ट बसवलेल्या ब्रिजला बांधलेल्या असतात. ट्रेमोलो बसवायचा म्हणजे हा ब्रिज, किंवा त्यामागे तारा धरणारा भाग, हलता करायचा. दांडी दाबली की तारा सैल होऊन सूर उतरतो. सोडली की स्प्रिंग सगळे जागेवर आणते. एक बिजागरी, एक स्प्रिंग आणि एक दांडी एवढ्यावर ब्रिज हलू लागतो. कस लागतो तो परत येताना.

किती अचूक परत यायला हवा, याचा हिशेब मांडून पाहू. ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीचा नेहमीचा संच २५.५ इंची गिटारवर सुरात लावला की सहा तारांची मिळून ओढ सुमारे ४७ किलो भरते. सर्वांत बारीक तारेच्या वाट्याला त्यातले सात किलोंहून थोडे अधिक येतात. तारेची कंपनसंख्या ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. एवढा सूर ढळायला ओढीत सुमारे ०.१२ टक्के फरक पुरतो. या बारीक तारेवर तो आठ-नऊ ग्रॅम होतो. पोलादाची लवचिकता धरून तो लांबीत मोजला तर हाती येतात ५ ते ७ मायक्रॉन. तयार कानाला पाच सेंट खटकू लागतात, म्हणजे २५ ते ३५ मायक्रॉन. दांडी दाबल्यावर काही मिलिमीटर सरकणाऱ्या ब्रिजने दर वेळी तीन शतांशाच्या आसपास घरी यायचे, तेही लाकडावर बसून आणि हाताचा घाम सोसून. आपल्या मशीनच्या कॅटलॉगमध्ये रिपीटेबिलिटी म्हणून जे छापलेले असते, ते इथे समोर बसलेल्या श्रोत्याला ऐकू येते.

या प्रश्नाला ज्यांनी हात घातला, ते बहुतेक आपल्याच जातकुळीचे होते. गेल्या शतकाच्या मध्याला मर्ल ट्रॅव्हिस या अमेरिकन वादकाने, आपल्या गिटारवरचा व्हायब्रोला नावाचा ट्रेमोलो सूर धरत नाही म्हणून, तो पॉल बिग्जबीकडे दुरुस्तीला दिला. बिग्जबी पॅटर्नमेकर आणि मोटारसायकलच्या कारखान्यात काम केलेला माणूस. त्याने जुन्याची डागडुजी करण्याऐवजी ॲल्युमिनियमच्या कास्टिंगचे नवे यंत्रच केले, आणि ते आजही त्याच्याच नावाने विकले जाते. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरसाठी त्याने केलेली ट्रेमोलोची पहिली रचना टाकून द्यावी लागली, कारण तिच्यात वस्तुमान कमी असल्याने नाद टिकत नव्हता. मग ब्रिजच्या पाट्याखाली जड पोलादी ठोकळा आला आणि १९५६ मध्ये त्या रचनेला पेटंट मिळाले. पुढे फ्लॉइड रोझने तारा नटवरच आवळून टाकल्या. त्याचे पेटंट १९७९ चे. हा गृहस्थ दागिने घडवायचा. लांब कशाला जायचे, मिरजेत सतार-तंबोऱ्याची परंपरा उभी केली ती शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणाऱ्या घराण्यांनी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धातूवर हात बसलेल्या माणसाने वाद्याला हात लावणे आपल्या भागात नवे नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिला निर्णय लाकूड काढायचे की नाही, हा. लेस पॉल जातीच्या गिटारला मागे दोन स्टडवर बसणारा आडवा टेलपीस असतो. त्याच स्टडच्या भोकांवर ॲडॅप्टर पाटी बसवून बिग्जबी लावता येतो. नवे भोक पाडावे लागत नाही आणि उद्या नको वाटला तर गिटार पूर्ववत होते. स्टडच्या जागीच बसणारी इतर यंत्रणाही मिळते. खरेदीआधी दोन गोष्टी तपासा. स्टडमधले अंतर बहुधा ८२ मिमीच्या आसपास असते, पण व्हर्नियर लावल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आट्यांचेही तसेच : अमेरिकी स्टड ५/१६ इंच, २४ टीपीआय, आशियाई बनावटीचे बहुधा एम८. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात. एकात दुसरा दोन आटे जातो, मग अडकतो, आणि कोणी पान्याने जोर केला की बुश लाकडासकट वर येते.

स्ट्रॅट जातीच्या स्थिर ब्रिजच्या बॉडीत पूर्ण ट्रेमोलो बसवायचा तर ठोकळ्यासाठी आरपार खिडकी आणि मागून स्प्रिंगांसाठी खाच काढावी लागते. बॉडीची जाडी साधारण ४५ मिमी. हे काम मागे फिरवता येत नाही. कास्टिंगमधला ब्लोहोल वेल्ड करून भरता येतो, लाकडात काढलेली खाच नाही. म्हणून आधी एमडीएफचे टेम्प्लेट करा, भंगारातल्या फळीवर एकदा काढून पाहा, ब्रिज, ठोकळा आणि स्प्रिंगा बसवून दांडी पूर्ण खाली-वर होते का तपासा, आणि मगच गिटार क्लॅम्पखाली घ्या.

डेटमची चूक इथे सर्वाधिक होते. बॉडीची कड सरळ दिसते म्हणून आपला सेटर तिथून मोजू लागतो. त्या कडेचा तारांशी काही संबंध नाही. मध्यरेषा नेकवरून घ्यायची : नेकच्या दोन्ही कडांना दोरा लावून तो ब्रिजपर्यंत ताणायचा आणि दोन दोऱ्यांच्या मधोमध रेष मारायची. लांबीचे शून्य नटवर. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजून दुप्पट केले की स्केल लांबी मिळते; सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या भागाची, जागा तिच्यावरून ठरते आणि बिजागरीची जागा सॅडलवरून. नेकच्या रेषेपासून बिजागरी तिरकी बसली तर काठाची तार फ्रेटबोर्डवरून घसरते, आणि ते कोणत्याही सेटिंगने निस्तरत नाही.

तरंगत्या ट्रेमोलोत एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगा आणि मध्ये सुरीसारखी कड, अशी मार्केट यार्डातल्या गुळाच्या तराजूसारखी रचना असते. तारांची रेषा बिजागरीच्या १० मिमी वर आणि स्प्रिंगांचे हूक ४० मिमी खाली धरले, तर ४७ किलोंना तोलायला स्प्रिंगांकडून पावणेबारा किलो ओढ पुरते. पण तोल आहे म्हणजे सगळे एकमेकांत गुंतले. एक तार उतरवली की बाकीच्या चढतात. एक तार तुटली की उरलेल्या पाच बेसूर होतात. तारांची जाडी बदलली की स्प्रिंगांचे सेटिंग पुन्हा करावे लागते. हे ग्राहकाला आधीच सांगा, कारण स्थिर ब्रिजवर त्याने यातले काहीच अनुभवलेले नसते.

त्या कडेवर जरा थांबू. स्वस्त ट्रेमोलोचा पाटा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा डायकास्ट असतो. नवा असताना झकास चालतो. काही महिन्यांत पोलादी स्टड त्याच्या कडेत बारीक घर करतो, आणि मग ब्रिज कधी त्या घरात बसतो, कधी घराच्या काठावर. लूपखाली पाहिले तर कडेवर अर्धचंद्राकृती चकाकी दिसते. हा पाटा आपल्याकडे बनवायचा झाला तर केस हार्डनिंगचे स्टील, समजा ईएन ३५३, घ्या. कड ५८ एचआरसीच्या आसपास ठेवा आणि स्टडही तितकाच कठीण करा. कड वस्तऱ्यासारखी धारदार करण्याचा मोह टाळा, तिचे टवके उडतात. एकसारखी बारीक त्रिज्या चांगली. शोभेसाठी प्लेटिंग करायचे असेल तर ध्यानात असू द्या की प्लेटिंगचा थर धारेच्या कडेवर जास्त चढतो. म्हणून कड झाकून प्लेटिंग करा किंवा कड शेवटी ग्राइंड करा.

सगळे बसले की चाचणी. गिटार सरफेस प्लेटवर फोमच्या आधाराने ठेवा आणि ब्रिजला लिव्हर डायल लावा. प्लंजर डायल नको, त्याचा स्वतःचा जोरच ब्रिजला ढकलतो. जोडीला चांगला ट्यूनर. दांडी पूर्ण दाबून हळूच सोडा. डायल आणि ट्यूनर दोन्ही लिहून घ्या. मग दांडी वर ओढून सोडा आणि पुन्हा लिहा. दोन दिशांच्या आकड्यांतला फरक म्हणजे या यंत्रणेचा बॅकलॅश.

फरकाची दिशा दोष कुठे आहे ते सांगते. दांडी दाबून सोडल्यावर सूर चढा राहिला, तर दोष बहुधा नटमध्ये. दाबताना मधली तार सैल पडते, खुंट्यांकडची ओढ जास्त ठरते आणि ती तारेचा थोडा भाग आपल्याकडे ओढून घेते. परतताना तो भाग नटच्या खाचेत अडकतो. उलट सूर उतरता राहिला, तर अडथळा ब्रिजच्या बाजूला : कड झिजली आहे, स्टड घासतो आहे किंवा बिग्जबीच्या गिटारवर तार सॅडलवरून मोकळी सरकत नाही. पहिल्या दोषाला नटची खाच तारेच्या मापाला आणून गुळगुळीत करा, ग्रॅफाइट लावा. दुसऱ्याला बिजागरी उतरवून पाहा, सॅडलला रोलर लावण्याचा विचार करा. डायल शून्यावर आणि ट्यूनर मात्र हललेला, असे झाले तर ब्रिज निर्दोष आहे. तो परत कापायला घेऊ नका. निम्म्या तक्रारी ब्रिजवर ढकलल्या जातात आणि असतात नटच्या.

रोझने नटवर तारा आवळल्या त्या याचसाठी : नटमधली सरकच बंद. पण मग खुंट्या निकामी झाल्या, सूर लावायला जागा उरली नाही, म्हणून ब्रिजवर छोटे स्क्रू द्यावे लागले. रेट्रोफिटिंग करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. हलत्या भागाचा एक दोष बंद केला की दुसरीकडे एक सोय नव्याने द्यावी लागते, आणि तिचा खर्च कोटेशनमध्ये आधीच धरलेला बरा.

आतल्या चौथ्या अक्षाच्या लेखात हेच तत्त्व मोठ्या मापात भेटेल. रोटरी टेबल बसवले, फिरले, ग्राहक खूश, बिल झाले. एकाच दिशेने फिरवून घेतलेली इंडेक्सिंगची रीडिंग सुंदर येतात. उलट दिशेने येऊन त्याच कोनावर थांबवले की वर्मगिअरमधला खेळ उघडा पडतो. टेबलाला क्लॅम्प नसेल तर कटिंगचा जोर ते सरकवतो. क्लॅम्प असेल तर आवळताना ते किती हलते, हेही मोजावे लागते. ज्या मशीनचा सांगाडा स्थिर जॉबसाठी आखला होता, त्यावर आपण हलणारा भाग चढवला आहे. नवा भार कुठून कुठे जाणार आणि शून्य कुठे राहणार, हे दोन प्रश्न कोटेशनच्या आधीचे आहेत.

शेवटी धंद्याचे. गिटारचे काम पोट भरणारे नाही. शिकाऊ मुलाला रिपीटेबिलिटी शिकवायला मात्र याहून स्वस्त जिग मिळणार नाही. काम घेण्याआधी ग्राहकाला विचारा, तू दांडी रोज वापरणार आहेस का? एरिक क्लॅप्टनने आपल्या स्ट्रॅटोकास्टरचा ट्रेमोलो लाकडाचा तुकडा ठोकून बंदच करून टाकला होता. गरज क्वचित असेल तर लाकूड कापू नका. स्टडवर बसणारी यंत्रणा सुचवा किंवा सरळ नाही म्हणा. गरज खरी असेल तर काम घ्या आणि गिटार परत देताना दोन्ही दिशांचे आकडे कागदावर सही करून द्या. चौथा अक्ष बसवून देणाऱ्याकडून असा कागद आपल्यापैकी किती जण मागतात? या महिन्यापासून मागायला लागा.