आधी पंचनामा, मग रीस्टार्ट

आमच्या सांगलीत काय आणि साताऱ्यात काय, प्रोग्राम अडकला की एकच मंत्र: "बंद करून चालू करा." पतसंस्थेचा काउंटर असो, साखर कारखान्याचा वजनकाटा असो, नाहीतर मार्केट यार्डातली हळदीची अडत. सपोर्टवाला फोनवर हेच सांगतो आणि चालू झालं की तक्रार 'सुटली' म्हणून मोकळा होतो. साताऱ्याच्या मावशीला एका पतसंस्थेत (नाव नको) ठेव मोडायला तीन हेलपाटे पडले. तिन्ही वेळा "सिस्टीम हँग". तिन्ही वेळा रीस्टार्ट. का अडकतंय, हे तिसऱ्यांदाही कुणाला माहीत नव्हतं. माहीत असणार कसं?

चोरी झालेलं घर पंचनाम्याआधी कुणी झाडून-पुसून काढतं का? प्रोग्राम कुठल्या ओळीवर थांबलाय, कोण कुणाची वाट बघत बसलंय, मेमरी कशाने भरली, हे सगळं त्या घटकेला त्याच्या मेमरीत असतं. बंद केला की गेलं. ही मेमरी प्रोग्राम जिवंत असतानाच फाइलीत उतरवून घेता येते. तोच डंप. लिनक्सवर जीकोअर नावाची कमांड आहे: प्रोग्रामला थोडा वेळ गोठवते, नक्कल उतरवते, पुन्हा सोडून देते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तर राइट क्लिक केलं की पर्याय समोर येतो. जावाच्या प्रोग्रामला किल -३ पाठवा. नाव खुनशी असलं तरी तो मरत नाही बरं का :) कुठला थ्रेड कुठे उभा आहे त्याची यादी छापतो, बस्स.

"गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत, डंप कधी घेत बसू?" अहो, ती यादी काही सेकंदांत मिळते. पूर्ण डंपाला जास्त वेळ लागतो, कबूल; पण प्रोग्राम तसाही अडकलेलाच आहे ना! एक आक्षेप मात्र खरा आहे. डंपात पासवर्ड, खाते क्रमांक, सगळं उघडंवाघडं असतं. तो पेनड्राइव्हवरून गावभर फिरवायचा नाही.

आणि चालू घटनेची नोंद घेण्याची किंमत सातारा जिल्ह्याला परक्याने शिकवायला नको. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धरणात बसवलेल्या यंत्राने हादरे चालू असतानाच ते टिपले. भिंतीचे तडे नंतरही दिसले असते. पण धरण त्या काही सेकंदांत किती जोरात हललं, हे नंतर नुसती भिंत बघून कुणाला कळलं असतं? धरणांवर काम करणारे जगभरचे अभियंते आजही आपली गणितं कोयनेच्या त्या नोंदीवर तपासून बघतात.

आपल्या नात्यागोत्यात पतसंस्थांचे दोन-तीन संचालक आहेत आणि ते हे वाचतात, म्हणून मुद्दाम सांगतो. देखभालीच्या कराराचं नूतनीकरण आलं की त्यात एक ओळ घालून घ्या: हँगची तक्रार डंप जोडल्याशिवाय बंद होणार नाही. कंपनी कुरकुर करेल. करू दे.