माग गेले, माळा आला

आमचा भाचा भिवंडीत घर बांधतो आहे, असे म्हणणे बरोबर नाही. तो यंत्रमागाच्या कारखान्यातच राहायला निघाला आहे! माग केव्हाच भंगारात गेले. उरली ती एक उंच, लांबलचक खोली आणि वर पत्रा. मध्ये अर्धा मजला घातला की "मामा, याला लॉफ्ट म्हणतात," असे तो सांगतो. आमच्या आजीने त्याला पोटमाळा म्हटले असते आणि वर कुरडयांचे डबे चढवले असते.

ही टूम न्यूयॉर्कच्या सोहो भागातली. कारखाने ओस पडले, तिथे चित्रकार मंडळी घुसली; अशा भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा १९८२ साली झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापडाचे पुष्कळ काम भिवंडीच्या मागांकडे वळले. पुढे परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. आता भिवंडीतही मागांपेक्षा गोदामांचा बोलबाला.

भाच्याने फरशीचे नमुने पुढे केले. मी म्हटले, फरशी राहू दे. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी खांब-भिंती किती खिळखिळ्या झाल्या ते आधी तपासून घे. याच गावात सप्टेंबर २०२० मध्ये जिलानी इमारत पहाटे कोसळली आणि तिसाहून अधिक माणसे गेली. शिवाय कारखान्याच्या जागेत राहायचे तर महापालिकेची परवानगी हवी. तेल मुरलेली जमीन खरवडल्याशिवाय नवी फरशी नीट धरत नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याला भोके पाडली की उडणारी धूळ फुप्फुसात बसते. ते पत्रे माहितगारानेच उतरवावेत, गल्लीतल्या सुताराने नव्हे.

आणि 'कारखान्यात राहणे' यात नवे ते काय? उत्तर प्रदेश-बिहारपासून तेलंगणापर्यंतचे कामगार या गावात मागांच्या खडखडाटाशेजारीच, एकाच्या वळकटीवर दुसरा असे पाळीपाळीने झोपत आले. त्यांच्या राहण्याचे फोटो कुणी मासिकात छापले नाहीत.

भाचेसून मात्र व्यवहारी. "मामा, भिंतीच नाहीत, तर सासूबाईंनी दुपारी पडायचे कुठे? आणि फोडणीचा वास थेट अंथरुणात!" तिने खाली एक बंद खोली आणि जिन्याला कठडा मागितला आहे, लोखंडी शिडी तिला साफ नामंजूर. भाचा कुरकुरतो आहे. इंजिनिअरचा अहवाल हाती येईपर्यंत दोघांनाही मी पत्र्याला हात लावू देणार नाही.