सूर्याचा अपराध की छताचा?

वैशाख लागला की अकोल्या-अमरावतीच्या सुशिक्षित घरांतून एकच रडगाणे ऐकू येते : वऱ्हाडचे ऊन आपल्या कपाळीच लिहिलेले आहे. हे बोलणाऱ्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात डोक्यावर पाच इंचांचा उघडा स्लॅब असतो, पश्चिमेस भिंतभर काच असते, अंगणात मातीचा कण दिसू नये अशी फरशी असते, आणि कोपऱ्यात एसी धापा टाकीत असतो. यजमान खिडकीबाहेर बोट दाखवून सूर्यास दोष देतात. ते बोट त्यांनी किंचित वर, आपल्याच छताकडे वळवावे, एवढेच आमचे मागणे आहे.

अकोला विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २०.७ अंशांवर आहे. त्यामुळे २५ मेच्या सुमारास, म्हणजे आपला नवतपा लागतो नेमक्या त्याच दिवसांत, मध्यान्हीचा सूर्य या गावाच्या बरोबर डोक्यावर येतो. अमरावतीस तो पाठोपाठ एक-दोन दिवसांत येतो. त्या वेळी भिंतींस ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मारा छतावर होतो. तेव्हा या प्रांतात घर बांधणाऱ्याने पहिला पैसा कोठे घालावा, हे सांगण्यास कोणी वराहमिहिर लागू नये. आम्ही मात्र तो घालतो दर्शनी बाजूच्या नक्षीत, जिला कंत्राटदार मंडळी ‘एलेव्हेशन’ म्हणतात. छताच्या वाट्यास उरते ती काळपट पडलेली सिमेंटची गच्ची. दिवसभर प्यालेली उष्णता ती संध्याकाळपासून खोलीत ओतू लागते, आणि बाहेर वारा सुटलेला असताना घरातली माणसे भट्टीच्या तोंडाशी निजतात.

हे आम्ही परक्याचे सांगत नाही. माडीवर एक खोली चढविली तेव्हा छतावर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा घालावा, असे आम्ही आमच्या इंजिनियरसाहेबांस भीत भीत सुचविले होते. ते हसले आणि म्हणाले, “आता एसी कोणाकडे नसतो?” आम्हीही खर्च वाचला म्हणून मान डोलावली. पहिल्याच मे महिन्यात आमच्या वृद्ध मातोश्रींनी आपली वळकटी उचलून खाली जिन्याच्या बोळात पसरली. तेव्हा या अपराधात आम्ही वाटेकरी आहोत, हे आधीच कबूल केलेले बरे.

आमच्या आजोळचे घर धाब्याचे होते. लाकडी तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि त्यांवर गावच्या पांढरीची माती हात-दीड हात जाड. दोन-दोन फूट रुंद मातीच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत पोहोचण्यास दहा-बारा तास लागत. तोवर रात्र होऊन भिंत बाहेरूनच निवू लागे. वऱ्हाडात मे महिन्याची सरासरी पाहिली तर दिवसाचा पारा ४२ अंशांच्या आसपास जातो, पण पहाटेस तो २७ पर्यंत उतरतो. या पंधरा अंशांच्या उतारावर ते सारे घर उभे होते. दुपारी झरोके बंद, रात्री चौक आणि धाब्यावरचे गवाक्ष उघडे; पहाटेचा गारवा भिंतींनी साठवावा आणि दुसऱ्या दिवशी चारपर्यंत पुरवून खावा. या व्यवस्थेत वीज नव्हती, यंत्र नव्हते. होती ती वेळेवर दार लावण्याची शिस्त, आणि ती बहुधा आजीच्या हाती असे.

कोणी म्हणेल, हा जुन्याचा पुळका झाला. तसे नाही. धाबे गळत असे, वाळवी लागत असे, माजघरात दिवसा दिवा लावावा लागे, आणि सारवून सारवून ज्यांची कंबर मोडली त्या बायकांस कोणी ‘शाश्वत वास्तुकला’ हा शब्द ऐकविला असता तर त्यांनी शेणाचा हात तसाच आमच्या तोंडावर फिरविला असता. शिवाय वाडे होते मोजक्यांचे; बहुतेकांच्या नशिबी तुराट्यांचा कूड होता. कपाशीची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वसलेल्या नव्या वसाहतींस सिमेंटचा सांगाडा सोयीचा वाटला, यातही नवल नाही. स्लॅब खुशाल घाला. परंतु त्यास उघडा ठेवण्याची सक्ती कोणी केली?

त्याच्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालता येतो, मडकी पालथी मांडून त्यांवर थर देता येतो, वरून फुटक्या पांढऱ्या चिनी फरशीची खडी बसविता येते. यांतले काही जमले नाही, तरी दरसाल चैत्रात चुन्याचे दोन हात देता येतात. जिना, न्हाणीघर व कोठी पश्चिमेकडे लोटून निजण्याच्या खोल्या त्यांच्या आड घेता येतात. उन्हाळ्यात सूर्य ठीक पश्चिमेस मावळत नाही, उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणून त्या कोपऱ्यावर कडुनिंब हवा. प्लॉट घेताच पहिली कुऱ्हाड ज्या झाडावर पडते, ते बहुधा तेच असते.

“आमचा कूलर बरा आहे,” असे म्हणणारांशी आमचे भांडण नाही. कोरड्या हवेत वाळ्याचा ओला पडदा जे करीत असे तेच तो करतो. पण त्यास पाणी लागते. अकोला शहर काटेपूर्णेच्या धरणाकडे डोळे लावून असते, आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातले पाणी कूलरच्या गवतावर मिठाची खपली धरते. एसीची गोष्ट निराळी. तो घरातली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीत नेऊन टाकतो, आणि शेजारी तीच परत फेकण्यासाठी आपला एसी घेतो. याला आम्ही प्रगती म्हणतो!

सरकारनेही काही केले नाही असे नाही. छतातून आणि भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेस मर्यादा घालणारी ‘इको निवास संहिता’ २०१८ साली निघाली. उघड्या स्लॅबमधून त्या मर्यादेच्या सुमारे तिप्पट उष्णता आत येते. परंतु संहिता आखली होती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. आमचा तीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट तिच्या जाळ्यातून अलगद निसटला. इकडे अहमदाबादेने २०१० च्या उष्म्यात माणसे गमावल्यावर २०१३ साली उष्म्याशी झुंजण्याचा आराखडा केला, आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्यास घेतली. तेलंगणाने २०२३ साली थंड छतांचे धोरणच जाहीर केले. आमच्या शेजारी वर्ध्यास सेवाग्रामात १९३६ पासून माती, बांबू आणि कवेलूंची बापूकुटी उभी आहे. आम्ही सहकुटुंब तेथे जातो, ओसरीत बसून “किती गार वाटते!” म्हणतो, आणि परत येऊन काचेच्या पुढच्या हप्त्याचे पैसे भरतो.

आमचा खरा राग येथे आहे. आमच्याजवळ निवड होती. घरकुल योजनेतून २५ चौरस मीटरचे घर सव्वा लाखाच्या आत उभारावे लागलेल्या मजुरास ती नव्हती. तो हाती येईल ते टिनपत्र टाकतो आणि मे महिन्यात लेकरांना घेऊन रस्त्यावर बाज टाकून निजतो. त्याच्या पत्र्याखाली तट्ट्याचे अस्तर आणि वर चुन्याचा हात देण्यास जो खर्च येईल, तो आमच्या एका कमानीच्या नक्षीहून कमीच असेल. पण गावात चांगले घर कसे असते हे तो आमच्याकडे पाहून ठरवितो. आमचा स्लॅब त्यानेच डोक्यावर घमेली वाहून ओतलेला असतो. पुढेमागे चार पैसे साठले की तो आपल्या घरावर तसाच उघडा स्लॅब ओततो.

यंदा आम्ही आमच्या माडीवर कोबा घालून घेतला. इंजिनियरसाहेब पुन्हा हसले. मातोश्रींची वळकटी अजून जिन्याच्या बोळातच आहे. नवतपा उलटेपर्यंत वर येणार नाही, असे त्यांनी बजावले आहे.