चिनूक नावाचे धनी

२२ जानेवारी १९४३ च्या सकाळी साडेसात वाजता अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातल्या स्पिअरफिश या गावी पारा उणे २० अंश सेल्सिअसवर होता. दोन मिनिटांत तो ७ अंशांवर गेला, नऊच्या सुमारास १२ वर, आणि पुढच्या अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उणे २० वर. खिडक्यांच्या काचा तडकल्या. हा उद्योग ज्या वाऱ्याचा, त्याचं नाव चिनूक. पॅसिफिकवरची दमट हवा रॉकी पर्वत चढताना आपलं पाणी पश्चिमेच्या उतारावरच टाकते. बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून चढताना ही हवा किलोमीटरमागे पाच-सहा अंशांनीच गार होते. पलीकडे कोरडी होऊन उतरताना मात्र जवळजवळ दहा अंशांनी तापते. महाबळेश्वर चिंब आणि माण-खटाव कोरडे, यामागेही हाच हिशेब आहे. तिकडे डोंगर तिप्पट उंच आणि खाली बर्फ, म्हणून परिणाम इतका नाट्यमय. या वाऱ्याला तिथे ‘बर्फ खाणारा’ म्हणतात. १८८६-८७ च्या हिवाळ्यात मोंटानात गुरांचे कळपच्या कळप मेले. मालकाने गुरांची खबर विचारली, तेव्हा चार्ल्स रसेल या गुराख्याने पोस्टकार्डाएवढं एक जलरंगातलं चित्र काढून दिलं: बर्फात उभं, हाडं वर आलेलं एक जनावर आणि भोवती टपलेले लांडगे. ‘चिनूकची वाट पाहताना’ या नावाने ते प्रसिद्ध झालं आणि रसेल पुढे चित्रकार म्हणूनच ओळखला गेला.

मात्र हे नाव मुळात कोरड्या वाऱ्याचं नव्हतंच. कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथे चिनूक लोकांची वस्ती. ‘चिनूक’ हा शब्दही त्यांच्या एका गावासाठी शेजारच्या चेहेलिस लोकांनी वापरलेला. १८११ मध्ये नदीच्या मुखाशी अस्टोरिया हे फरच्या व्यापाराचं ठाणं उभं राहिलं. चिनूक वस्तीच्या बाजूने येणाऱ्या उबदार, दमट समुद्री वाऱ्याला गोरे लोक चिनूक म्हणू लागले. त्यांच्याबरोबर शब्द डोंगर ओलांडून पूर्वेला गेला आणि तिथल्या कोरड्या वाऱ्याला चिकटला. वाऱ्याप्रमाणेच नावानेही आपलं पाणी अलीकडे टाकलं, असं म्हणायला हरकत नाही. त्यानंतर ते नाव थांबलंच नाही. पॅसिफिकमधल्या सर्वांत मोठ्या सामन माशाला ते मिळालं. चिनूक, नूटका, फ्रेंच, इंग्रजी अशा शब्दांची मोट बांधून झालेल्या व्यापारी बोलीला मिळालं. बिअरमध्ये पडणाऱ्या हॉप्सच्या एका वाणाला मिळालं. न्यू हॅम्पशायरमधल्या, स्लेज ओढणाऱ्या एका कुत्र्याला आणि त्याच्यापासून चाललेल्या सगळ्या जातीला मिळालं. आणि दोन पंख्यांच्या त्या अवजड हेलिकॉप्टरला मिळालं, ज्याची पंधरा यंत्रं भारतीय हवाई दलाने घेतली. मार्च २०१९ मध्ये चंदीगडला त्यांतली पहिली दाखल झाली, तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांतही हा शब्द रुळला.

आता नावाच्या मूळ धन्यांचं पाहू. १८५१ मध्ये अमेरिकी सरकारच्या प्रतिनिधींनी टॅन्सी पॉइंट इथे चिनूकांशी करार केले. सिनेटने ते कधीच मंजूर केले नाहीत. १८५५ मध्ये त्यांना आपली नदी सोडून दुसऱ्या जमातींबरोबर राखीव भागात जायला सांगितलं, त्यांनी नकार दिला. त्या नकाराची किंमत ते अजून मोजताहेत. जानेवारी २००१ मध्ये क्लिंटन सरकारने जाता जाता चिनूक राष्ट्राला संघीय मान्यता दिली. जुलै २००२ मध्ये, याच नदीच्या मुखापर्यंत पोहोचलेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेच्या द्विशताब्दीसाठी चिनूकांच्या अध्यक्षांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं गेलं, आणि त्याच आठवड्यात ती मान्यता काढून घेतली गेली. मान्यता नाही म्हणजे आदिवासींसाठीची संघीय आरोग्यसेवा नाही, राखीव जमीन नाही. वॉशिंग्टन राज्यात न्यायाधीश बोल्ट यांच्या १९७४ च्या निकालाने करारबद्ध जमातींना पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा दिला. ज्यांचा करारच सिनेटने अडवला, त्यांना त्यात जागा नाही, मग माशाचं नाव काही का असेना. तिकडे अमेरिकन केनेल क्लबने २०१३ मध्ये चिनूक या कुत्र्याच्या जातीला रीतसर मान्यता दिली. ही तुलना क्रूर वाटेल, पण ती जुळवून आणावी लागत नाही. तारखाच ती करतात.

यावर पहिला आक्षेप असा, की नावं फिरतातच, त्यात कुणाचं काय जातं? आल्प्समधल्या अशाच उबदार वाऱ्याला फ्योन म्हणतात आणि जर्मन माणूस केस वाळवायच्या यंत्रालाही फ्योनच म्हणतो. कुणी तक्रार केलेली नाही. खरं आहे, पण फ्योन हे कुठल्या लोकांचं नाव नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. मान्यता भावनेवर मिळत नाही. समाज म्हणून आणि स्वतःची सत्ता म्हणून सलग अस्तित्व कागदोपत्री दाखवावं लागतं. शेजारच्या क्विनॉल्ट राष्ट्राने मान्यतेला हरकत घेतली तीही उगाच नव्हती. बरेच चिनूक वंशज त्यांच्या राखीव भागाशी जोडलेले आहेत, आणि हक्क वाटले जातात तेव्हा कुणाच्या तरी ताटातून काढावे लागतात. हे मान्य करूनही प्रश्न उरतो. सलगता दाखवणारे कागद निर्माण कोण करतं? करार मंजूर न करणारं सरकारच. ज्यांना राखीव भाग दिला नाही, त्यांच्याकडे राखीव भागाची दप्तरं मागण्यात न्याय कुठला? आणि इतकं करूनही १९१२ मध्ये, सिनेट जिचा भाग आहे, त्याच अमेरिकी काँग्रेसने त्या अडवलेल्या करारापोटी चिनूकांना पैसे मंजूर केले होते. जे लोक नाहीतच, त्यांना पैसे कशाचे दिले?

हेलिकॉप्टरचं नाव सन्मानाचं आहे, हा तिसरा आक्षेप नेहमी येतो. अपाची, कायोवा, इरोक्वॉय, चिनूक: हेलिकॉप्टरांना जमातींची नावं देण्याची अमेरिकी सैन्याची जुनी प्रथा आहे, आणि पुढे नियमाने तशी नावं निवडायची ठरली तेव्हा त्यांची यादी आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्सकडून येई. चिनूकांच्या मान्यतेच्या अर्जाची छाननी झाली ती याच खात्यात. नाव वापरलं म्हणून हक्क सिद्ध होतो असं मी म्हणत नाही, कायद्याने तो होत नाही. पण ज्या दप्तरातून यंत्रांसाठी जमातींची नावं देता येत होती, त्याच दप्तराने अशी नावं लावणाऱ्या माणसांपुढे सगळा पुराव्याचा भार ठेवावा, हे मला पटत नाही. निदान अर्धा भार सरकारने उचलावा: हे लोक अमुक साली संपले, असं त्यानेच दाखवून द्यावं. चिनूकांची मागणी आता काँग्रेसने कायदा करून मान्यता द्यावी अशी आहे, आणि खात्याच्या निकषांपेक्षा तो रस्ता सरळ आहे. करार अडवला तो सिनेटनेच होता.

उच्चाराचंही एक सांगायला हवं. डोंगरांच्या पूर्वेला वाऱ्याला आणि सैन्यात हेलिकॉप्टरला बहुतेक जण ‘शिनूक’ म्हणतात. नदीच्या मुखाशी, जिथून नाव निघालं तिथे, ते ‘चमचा’तल्या नव्हे, ‘चिंच’मधल्या पहिल्या च ने बोललं जातं. मराठी बातम्यांत ‘चिनूक’ छापलं जातं ते इंग्रजी स्पेलिंगकडे बघून, पण तेवढं बरोबर छापलं जातं.