दर देशभर एक, सेवा मात्र सरासरीची

कांद्याचे भाव चढले की राजधानीतील सत्ताधाऱ्यांची झोप उडते. १९९८ मध्ये दिल्लीतील भाजपचे सरकार पायउतार होण्यामागे कांदाच होता, असे आजही मानले जाते. दूरध्वनीच्या दरवाढीला मात्र असे राजकीय वजन कधी लाभले नाही. जिओ आणि एअरटेल यांनी ३ जुलै २०२४ पासून, तर व्होडाफोन आयडियाने दुसऱ्या दिवसापासून आपले दर साधारण १० ते २७ टक्क्यांनी वाढवले. लोकसभा निवडणुकीचे निकाल लागून तेव्हा महिनाही पुरा झाला नव्हता. काँग्रेसने सरकारला जाब विचारला. दर बाजार ठरवतो आणि भारतातील दर जगातील सर्वांत कमी दरांपैकी आहेत, असे उत्तर केंद्राने दिले आणि प्रकरण तेथेच मिटले. साऱ्या वादात ‘किती महाग’ एवढाच प्रश्न विचारला गेला. मोजलेल्या पैशांत कोणाला काय मिळते, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी टाळला.

हा प्रश्न दोन्ही टोकांनी भिडतो तो नोकरी-शिक्षणासाठी महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी माणसाला. चंदीगडला खेटून असलेल्या मोहालीतील सेक्टर ६७ चे उदाहरण घेता येईल. औषधनिर्माण शास्त्रातील शिक्षण व संशोधनाची राष्ट्रीय संस्था ‘नायपर’ याच सेक्टरमध्ये आहे. अशा वस्तीत राहणारा मराठी संशोधक किंवा केंद्र सरकारचा अधिकारी बहुधा दोन रिचार्ज करतो. एक स्वतःचे आणि दुसरे गावाकडच्या आईवडिलांचे. त्याचे गाव नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात असो वा गडचिरोलीच्या भामरागडमध्ये, दोन्ही रिचार्जची किंमत जवळपास सारखीच असते. रोज दीड जीबी डेटा देणारी जिओची २८ दिवसांची योजना जुलै २०२४ मध्ये २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेली, ती सेक्टर ६७ मध्ये आणि सातपुड्यातही. महिना २८ दिवसांचा धरल्याने वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज करावे लागतात, हा हिशेबही दोन्हीकडे तोच. फरक पडतो तो संपर्क लागण्यात. एकीकडे चित्रफीत क्षणात उघडते. दुसरीकडे मुलाचा आवाज ऐकण्यासाठी उंचवटा शोधावा लागतो.

कंपन्यांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर पेटलेल्या दरयुद्धात अनेक कंपन्या संपल्या किंवा दुसऱ्यांत विलीन झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समायोजित सकल महसुलाच्या वादात सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि उरलेल्या कंपन्यांवर थकबाकीचा डोंगर कोसळला. पुढे २०२२ च्या लिलावात ‘फाइव्ह-जी’ ध्वनिलहरींसाठी दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. हा पैसा ग्राहकांकडूनच वसूल होणार, हे उघड होते. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशा तीन टप्प्यांत ती वसुली झाली. एअरटेलचा प्रतिग्राहक मासिक महसूल एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीत २११ रुपये होता. त्याच वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत तो २४५ रुपयांवर पोहोचला. केवळ दरवाढ झाली म्हणून कंपन्यांना खलनायक ठरवणे योग्य नाही. वाढीव महसुलाच्या बदल्यात कोणती सेवा देणे बंधनकारक आहे, हे मात्र विचारायलाच हवे.

येथे नियमनाची चौकट उघडी पडते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, मोबाइलचे दर ठरवण्याचे काम बाजारावर सोपवून अनेक वर्षे झाली. दरनियंत्रण उरले ते मोजक्या बाबींपुरते आणि त्यांतील एक आहे ग्रामीण भागातील तारेच्या दूरध्वनीचा दर. ज्या गावांत तारेचा दूरध्वनी जवळजवळ नामशेष झाला, तेथे त्याच्या भाड्यावर नियंत्रण आहे. ज्या मोबाइलवर सारे गाव अवलंबून आहे, त्याच्या दरावर नाही. ‘ट्राय’ने अगदीच काही केले नाही, असे नव्हे. किमान एक योजना ३० दिवसांची हवी, असे २०२२ मध्ये बजावले गेले. डिसेंबर २०२४ च्या आदेशाने ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे व संदेश यांची योजना देणे कंपन्यांना भाग पडले. या सुधारणा ग्राहकहिताच्याच आहेत. परंतु त्या किमतीच्या मांडणीबद्दल आहेत, सेवेच्या पोहोचीबद्दल नाहीत.

सेवेचा दर्जा मोजण्याची पद्धतच ग्रामीण ग्राहकाला अदृश्य करते. दर्जाचा निकाल परवाना क्षेत्रानुसार लागतो. मुंबईचे क्षेत्र वेगळे. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक क्षेत्र. म्हणजे पुण्याचे हिंजवडी आणि नंदुरबारचे धडगाव एकाच तागडीत तोलले जातात. तिकडे चंदीगड आणि मोहालीचा सेक्टर ६७ पंजाबच्या सीमावर्ती खेड्यांसह एका क्षेत्रात मोडतात. सरासरीत वाईट मनोरे लपून राहतात, हे नियामकाच्याही ध्यानात आले होते. म्हणूनच २०१७ मध्ये संभाषण तुटण्याच्या प्रमाणासाठी नवी कसोटी आली. दहापैकी नऊ ठिकाणच्या यंत्रणांनी दहापैकी नऊ दिवस ठरलेली मर्यादा पाळावी, असा तिचा ढोबळ अर्थ. पण सवलत मिळालेला तो दहावा मनोरा कोठला असणार? वीज गेली की बॅटरीवर काही तास तग धरणारा, डिझेल पोहोचेपर्यंत बंद राहणारा, पावसाळ्यात दुरुस्ती पथकाला गाठता न येणारा मनोरा डोंगराळ तालुक्यातलाच असण्याची शक्यता अधिक. आणि जेथे मनोराच नाही, तेथील पाड्याची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही. जे संभाषण जुळतच नाही, ते तुटल्याची नोंद होणार कशी?

ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या दर्जा-नियमांनी दोन पावले पुढे टाकली. कंपन्यांनी आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर देणे सक्तीचे झाले आणि मोठा खंड पडल्यास भरपाईची तरतूद झाली. सेवा २४ तासांहून अधिक काळ ठप्प राहिली तर मासिक देयकात सूट किंवा रिचार्जच्या मुदतीत वाढ मिळावी, असे हे सूत्र आहे. तथापि या भरपाईचे एकक जिल्हा आहे. एका खोऱ्यातील मनोरा आठवडाभर बंद पडला आणि जिल्ह्याचे शहर सुरळीत चालू राहिले, तर त्या खोऱ्यातील ग्राहकाच्या पदरात काही पडत नाही. तो मुदत संपेपर्यंत वाट पाहतो आणि पुन्हा पूर्ण रक्कम भरतो.

संसदेतील प्रश्नोत्तरांतही हीच अडचण आहे. खासदार आपल्या मतदारसंघाबद्दल विचारतो आणि मंत्रालय ‘व्याप्त गावांचा’ आकडा पुढे करते. देशातील सुमारे ६ लाख ४४ हजार गावांपैकी सुमारे ६ लाख २३ हजार गावांत मोबाइल पोहोचल्याचे सप्टेंबर २०२४ ची सरकारी आकडेवारी सांगत होती. टक्केवारी डोळे दिपवणारी आहे. पण सातपुडा, मेळघाट किंवा गडचिरोलीतील महसुली गाव म्हणजे एकसंध वस्ती नसते. ते दोन-तीन डोंगरांवर विखुरलेल्या पाड्यांचे असते. एका पाड्यावर लहरी पोहोचल्या की कागदावर गाव व्याप्त ठरू शकते आणि उरलेले पाडे प्रश्नाच्या कक्षेबाहेर जातात. २०२४ मध्ये शहरी भागात दर शंभर माणसांमागे सुमारे १३३ जोडण्या होत्या, तर ग्रामीण भागात सुमारे ५९. ही दरी ‘व्याप्त’ या एका शब्दाआड झाकली जाते.

आता ग्रामीण सेवेच्या नावाने गोळा होणाऱ्या पैशांकडे वळू. १ एप्रिल २००२ पासून अमलात आलेल्या आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायद्याचे अधिष्ठान दिलेल्या सार्वत्रिक सेवा निधीसाठी कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के रक्कम घेतली जाते. २९९ रुपयांच्या रिचार्जमधून १८ टक्क्यांचा जीएसटी वजा केला की ढोबळमानाने २५३ रुपये उरतात. त्याचे पाच टक्के म्हणजे साधारण साडेबारा रुपये. सेक्टर ६७ मधला ग्राहक हे पैसे देतो आणि धडगावचा ग्राहकही देतो. आपल्याकडे अद्याप न आलेल्या मनोऱ्याची वर्गणी तो दर रिचार्जला भरत असतो. दर वाढले की ही वर्गणीही वाढते. म्हणजे दरवाढीचा लाभ कंपन्यांइतकाच या निधीलाही होतो. म्हणूनच सरकारला तटस्थ प्रेक्षकाची भूमिका शोभत नाही.

हा पैसा थेट गावाकडे जात नाही. तो आधी भारताच्या संचित निधीत जमा होतो आणि अर्थसंकल्पातून संसदेने मंजूर केला तरच खर्चासाठी उपलब्ध होतो. गोळा झालेली रक्कम निधीकडे पूर्णपणे वळती होत नसल्याकडे ‘कॅग’ने एकाहून अधिक वेळा लक्ष वेधले आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ असे केले. त्याचबरोबर संशोधन, प्रायोगिक प्रकल्प आणि सेवावंचित शहरी भाग हेही त्याच्या कक्षेत आणले. हेतू वाईट नाहीत. परंतु एका ताटात वाटेकरी वाढले की दूरच्या पाड्याचा घास लहान होतो, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

खर्च झालेल्या पैशांचे काय झाले, याचे उदाहरण म्हणजे भारतनेट. ऑक्टोबर २०११ मध्ये मनमोहन सिंग सरकारने अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली; मोदी सरकारने तिचे नाव बदलले आणि ती पुढे नेली. एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पुरा झाला. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्याने ‘महानेट’च्या माध्यमातून हाती घेतले. पण गावागावांत पोहोचलेली तार चालू आहे की नाही, याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट झाले नाही. सुरुवातीची मांडणी एका सरळ रेषेची होती. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने एका ठिकाणी तार तोडली की पुढच्या साऱ्या ग्रामपंचायती अंधारात. ही चूक मान्य करून ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात वर्तुळाकार जोडणी आणि देखभाल यांवर भर आहे. मूळ मंजुरीनंतर हे शहाणपण सुचायला जवळपास बारा वर्षे लागली.

दरम्यान, शासन स्वतःच नागरिकाला मोबाइलवर अवलंबून करत गेले. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील हजेरी अॅपवरून घेणे सक्तीचे झाले. २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसीची अट आली, तेव्हा ओटीपीसाठी नंदुरबारच्या दुर्गम भागातील महिला डोंगर चढत असल्याच्या बातम्या आल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. ज्याच्याविना सरकारी मदत मिळत नाही, ती सेवा केवळ बाजारातील वस्तू राहत नाही.

स्वस्त दर हाच उपाय आहे काय? या प्रश्नाचे उत्तर ग्राहकांनीच दिले. जुलै २०२४ च्या दरवाढीच्या महिन्यात तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले आणि दर न वाढवणाऱ्या बीएसएनएलकडे सुमारे २९ लाख नवे ग्राहक आले. नोव्हेंबर २०२४ पर्यंत मात्र हा ओघ उलटा फिरला होता. माणसे स्वस्ताईमागे गेली, पण सेवा न मिळाल्याने परतली. बीएसएनएलचे स्वदेशी ‘फोर-जी’ जाळे सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे तोवर वर्ष उलटल्यावर, राष्ट्रार्पण झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा जिल्ह्यांसाठी उपग्रह सेवेच्या ‘स्टारलिंक’शी इरादापत्र केले. जमिनीवरची तार व मनोरा वेळेत पोहोचला असता, तर आकाशाकडे पाहण्याची घाई करावी लागली नसती.

दरांवर पुन्हा सरकारी नियंत्रण आणण्याची मागणी सोपी आहे, पण ती निरुपयोगी ठरेल. तोट्यातील कंपनी डोंगरात मनोरा उभारणार नाही. संसदेने मागावे ते हिशेबाचे लहान एकक. दर्जाची मोजणी आणि भरपाई परवाना क्षेत्र व जिल्हा यांवरून तालुक्यापर्यंत खाली आणावी. ‘व्याप्त गाव’ ऐवजी पाड्यांची गणना व्हावी. डिजिटल भारत निधीत जमा आणि खर्च यांचा जिल्हावार ताळेबंद दर अर्थसंकल्पी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवला जावा. भारतनेटच्या प्रत्येक ग्रामपंचायतीची जोडणी महिन्यात किती तास चालू होती, हे जाहीर व्हावे. यांपैकी कशालाही नवा कर लागत नाही. पाच टक्क्यांची वर्गणी ग्राहक आधीच भरत आहे.

सरकार या व्यवसायात परवानादाता आहे, बीएसएनएलचे मालक आहे आणि एप्रिल २०२५ मधील रूपांतरानंतर व्होडाफोन आयडियात सुमारे ४९ टक्के भागीदारही झाले. इतक्या भूमिका बजावणाऱ्याने ‘दर बाजार ठरवतो’ एवढे म्हणून हात झटकणे पटणारे नाही. दर बाजाराने ठरवावेत, याला फारसा कोणाचा विरोध नाही. किमान सेवा मात्र संसदेने ठरवायची असते आणि ती सरासरीत नव्हे, शेवटच्या पाड्यावर मोजायची असते.