दांडेआडोमला लॉगिन नाही

हिरव्या शहराची हल्ली तयार पाककृती मिळते. एक अ‍ॅप घ्या, एक डॅशबोर्ड घ्या, चौकात चार सेन्सर लावा आणि वरून ओल्या खोबऱ्यासारखा लोकसहभाग भुरभुरा. मंत्री येतात, क्यूआर कोडवरचा पडदा बाजूला होतो, फोटो निघतात. यातल्या 'लोक' या शब्दाचा अर्थ काय, हे मात्र कुणी विचारत नाही.

केंद्र सरकारचं स्वच्छता अ‍ॅप 2016 पासून आहे. कचऱ्याचा फोटो काढायचा, जागा फोनच सांगतो, तक्रार पालिकेकडे जाते. कल्पना चांगली आहे. पण पुढे त्यात मार्क आले. 2018 च्या स्वच्छ सर्वेक्षणात 4,000 पैकी 1,400 गुण नागरिकांच्या प्रतिसादाचे होते. मार्क आले की अभ्यासाचं काय होतं, हे दहावी दिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. शहरं डाउनलोडच्या मागे लागली. मग 2020 मध्ये राज्याचं 'माझी वसुंधरा' आलं आणि त्याबरोबर ई-शपथ. शपथ घेतली, प्रमाणपत्र आलं, स्टेटसला टाकलं. चोवीस तासांनी स्टेटस गेलं, वसुंधरा होती तिथेच.

आता रत्नागिरीत या. मारुती मंदिराजवळचा ढीग तुम्ही अ‍ॅपवर टाकलात आणि तो उचलला गेला, असं धरू. तक्रार बंद, पाच तारे. पण तो ढीग गेला कुठे? साळवी स्टॉपचा कचरा डेपो शहराला माहीत आहे. त्याला पर्याय म्हणून शहराबाहेर दांडेआडोमला घनकचरा प्रकल्प न्यायचं ठरलं, तेव्हा तिथल्या ग्रामस्थांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. शहरात याबद्दल बोलताना ग्रामस्थांचा उल्लेख 'अडथळा' म्हणून होतो. मला हे लबाडीचं वाटतं. कचरा आपला, जमीन त्यांच्या शेजारची, आणि पालिकेच्या अ‍ॅपसाठी ते नागरिकच नाहीत, कारण हद्द ग्रामपंचायतीची. अ‍ॅपच्या लेखी ढीग नाहीसा होतो. प्रत्यक्षात तो फक्त हद्द ओलांडतो.

'पण अ‍ॅपमुळे आमच्या आळीतला दिवा लागला' असं कुणी म्हणेल. लागला असेल, आनंद आहे. तक्रार करणं चूक नाही. पण तक्रार करणारा ग्राहक असतो. दिवा कुठे हवा, झाड कुठलं राहणार, कचरा कुणाच्या दारात जाणार, हे ठरवताना खोलीत बसतो तो नागरिक. फोन आपल्याला पहिलं करायला शिकवतो आणि दुसरं विसरायला लावतो.

नुसत्या आवाजाच्या संख्येनंही भागत नाही. आरे आठवा. मेट्रो कारशेडच्या झाडांसाठी मुंबई पालिकेकडे 80 हजारांहून अधिक हरकती आल्या, त्यांत ईमेलचा वाटा मोठा होता. वृक्ष प्राधिकरणाने 29 ऑगस्ट 2019 ला तोडीला मंजुरी दिलीच. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं तोवर 2,141 झाडं पडली होती.

उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, तेव्हा वीज गेली आणि मोबाइलचं नेटवर्कही गेलं. स्मार्ट सगळं पाण्याखाली. त्यानंतर चिपळूणकरांनी काय केलं? ते डिसेंबरात साखळी उपोषणाला बसले. नदीतला गाळ काढा, एवढी साधी मागणी. गाळ निघू लागला तो त्यांच्या बसण्यामुळे. व्हॉट्सअ‍ॅप त्यांनी वापरलंच असेल, पण जमायला, बसायला. जमण्याऐवजी नाही.

म्हणजे फोन फेकून द्यायचा का? अजिबात नाही. त्याची दिशा उलटी करायची. आज माहिती आपल्याकडून पालिकेकडे जाते. ती पालिकेकडून आपल्याकडे यायला हवी. शीळ धरणात आज किती पाणी आहे आणि ते किती दिवस पुरेल? वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात मे महिन्यात पाणीकपात होते, तर हा आकडा रोज सकाळी फोनवर का नसावा? आज किती टन कचरा उचलला, त्यात ओला किती, सुका किती, तो कुठे टाकला? हा हिशोब शहराइतकाच दांडेआडोमच्या ग्रामपंचायतीलाही मिळायला हवा. 1975 च्या झाडांच्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते, आणि तोडीआधी वर्तमानपत्रात व झाडावर नोटीस लावून हरकती मागवायच्या असतात. पेपर तुम्ही वाचत नाही, झाडावरचा कागद पावसात भिजून जातो. तीच नोटीस नकाशावरच्या ठिपक्यासह तुमच्या फोनवर आली तर त्याला मी तंत्रज्ञान म्हणेन. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 तर 2005 पासून सांगतंय, की न मागता माहिती द्या.

दुसरी गोष्ट क्षेत्रसभा. 2009 मध्ये राज्याने महापालिका आणि नगरपालिकांसाठी ती कायद्यात आणली. गावाला ग्रामसभा, तशी शहरातल्या वस्तीला क्षेत्रसभा. तुम्ही कधी गेलात? अ‍ॅपच्या उद्घाटनाला मांडव पडतो, क्षेत्रसभेला सतरंजीसुद्धा नाही. कारण उघड आहे. अ‍ॅपवर माणूस एकटा असतो, सभेत शेजाऱ्याबरोबर असतो. एकट्याची तक्रार बंद करता येते.

रत्नागिरी नगर परिषदेत 2021 च्या अखेरीपासून प्रशासकाचं राज्य होतं, जवळजवळ चार वर्षं. लोकप्रतिनिधी नसताना लोकसहभागाच्या मोहिमा मात्र जोरात चालल्या, ही गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे. डिसेंबर 2025 मध्ये अखेर निवडणूक झाली. आता प्रत्येक प्रभागाला नगरसेवक आहेत आणि त्यांचे नंबर प्रचाराच्या पत्रकांवर छापलेले आहेत. पत्रक रद्दीत गेलं नसेल तर काढा, आणि आपल्या प्रभागाची पहिली क्षेत्रसभा कुठल्या तारखेला, कुठल्या शाळेत आहे, ते व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा. निळी टिक किती दिवसांनी येते, तेही लिहून ठेवा.